बिनब्रेकची गाडी

आमच्या घराच्या पडवीत, जिथे वडिलांचा केळीचे घड उतरवायचा कोयता अजून खुंटीला अडकवलेला आहे, त्याच भिंतीशी गेली काही वर्षे एक फळी टेकवून ठेवलेली असते. लांबीला सव्वातीन फूट, रुंदीला जेमतेम नऊ इंच, मधोमध किंचित खोलगट. पोटाशी काळ्या रंगाची एक चपटी पेटी, मागच्या बाजूला मुठीएवढी मोटर आणि चार मऊ, तपकिरी चाके. घरी येणारी वडीलधारी मंडळी तिच्याकडे साशंक नजरेने पाहतात आणि ‘ही कसली फळी?’ म्हणून विचारतात. शाळकरी मुले तसे विचारत नाहीत. तो विजेवर चालणारा स्केटबोर्ड आहे हे त्यांना ठाऊक असते. ती विचारतात, ‘किती पळते?’ ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र आजवर एकाच माणसाने विचारला. आणि त्याने तो पहिल्यांदा विचारला तेव्हा ही फळी जन्माला यायची होती, मी अकरा वर्षांचा होतो व तो आठ.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. साल १९६९. आमच्या वसईच्या गावातला रस्ता त्या वर्षी पहिल्यांदा डांबरी झाला. तोवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल एवढीच रस्त्याची आम्हांला ओळख होती. डांबर पडले आणि गावातल्या पोरांना बेअरिंगच्या गाडीचे वेड लागले. ज्यांचे बालपण त्या काळात गेले त्यांना ही गाडी वर्णन करून सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. ट्रकच्या गॅरेजात टाकून दिलेली तीन बेअरिंगे मिळवायची. एक फळी घ्यायची. तिच्या मागच्या अंगाला आडवा दांडा मारून त्याच्या दोन टोकांना दोन बेअरिंगे ठोकून बसवायची. पुढे एक लहानशी आडवी पट्टी मधोमध बोल्टवर फिरती ठेवायची आणि तिला तिसरे बेअरिंग. पट्टीच्या टोकांना सुंभाची दोरी बांधली की झाला लगाम. एकाने फळीवर बसायचे, दुसऱ्याने पाठीला हात लावून ढकलायचे. पोलादी बेअरिंग उघड्या डांबरावरून धावू लागले की असा काही खर्रर्र आवाज उठे, की दुपारी झोपलेली अख्खी आळी जागी होऊन आम्हांला शिव्याशाप देई.

माझी गाडी मी स्वतः बनवली होती. गावाच्या टोकाला रस्ता मोरीकडे उतरत असे. उतार फारसा नव्हे, पण आमच्या सपाट मुलखात तोच आमचा डोंगर. भाऊ फळीवर बसला, दोरी हातात घेतली आणि मान वळवून त्याने विचारले, ‘दादा, थांबायचं कसं?’

त्या क्षणापर्यंत मी त्याचा विचारच केला नव्हता. गाडी चालावी कशी, वळावी कशी, बेअरिंग निसटू नये म्हणून दांड्यावर चिंधी किती जाड गुंडाळावी, हे सारे मी ठरवले होते. परंतु थोरल्या भावाला उत्तर ठाऊक नाही, हे कसे चालेल? मी म्हणालो, ‘पाय टेकवायचा.’ आणि ढकलले.

त्याने पाय टेकवला. मोरीचा कठडा समोर दिसताच, मी सांगितले होते तस्सा, आज्ञाधारकपणे त्याने डावा पाय टेकवला. टाच डांबरात रुतली आणि मागचा दांडा त्याच्या नडगीवर आला. पाय दोन ठिकाणी मोडला. हाडवैद्याने कामट्या बांधल्या, चाळीस दिवसांनी त्या सोडल्या तेव्हा हाड वाकडे जुळले होते. पुढे मुंबईच्या इस्पितळात ते पुन्हा मोडून जोडावे लागले. तो चालू लागला, शाळेत गेला, नोकरीला लागला, लग्न केले, मुले वाढवली. पण त्याचा डावा पाय इंचभर आखूड राहिला तो राहिलाच. रविवारी मिस्साला जाताना ओट्यावर बसलेल्या माणसाला नुसत्या पावलांच्या आवाजावरून आमच्यापैकी कोण चालले आहे ते कळते.

वडिलांनी त्या रात्री मला मारले नाही. त्यांनी गाडी अंगणात आणली, कोयत्याने फळीचे तुकडे केले आणि ते चुलीत घातले. तीन बेअरिंगे तेवढी हत्यारांच्या डब्यात टाकली. शेतकरी माणूस लोखंड फेकत नाही. ‘पाय टेकवायचा’ हे शब्द माझे होते हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. भावाने कधी सांगितले नाही. मीही नाही.

पुढे मी फिटरचे काम शिकलो आणि वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षे डाया बनवल्या. एका मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यांतल्या एका भागासाठी वाद घालण्यात माझे आयुष्य गेले. २०१६ साली निवृत्त झालो. घरी आलो तेव्हा लक्षात आले, की आमचे उशिरा झालेले शेंडेफळ मला फारसे ओळखत नाही. त्याने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला खरा, पण दुसऱ्याच सहामाहीत त्याचे लक्ष उडाले, विषय राहू लागले. माझे-त्याचे बोलणे जेवणाच्या ताटापुरते उरले. तेही मीठ, पाणी, आणखी भात, एवढेच. २०१८च्या पावसाळ्यात एके दिवशी तो पडवीत येऊन म्हणाला, ‘पप्पा, तुमचा व्हाइस वापरू का?’ मुलाने बापाकडे मागितलेली ती कित्येक महिन्यांतली पहिली वस्तू होती. काय करायचे आहे, हे मी विचारले नाही. विचारले असते तर कदाचित नाही म्हणालो असतो.

तो स्केटबोर्ड बनवत होता. ही वस्तू मूळची कॅलिफोर्नियाची. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या तरुणांनी, लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर खेळता यावे म्हणून १९५०च्या दशकात फळीला रोलर स्केटची चाके लावली. ती पोलादी असत, पुढे भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची आली. एखादा खडा आला तरी चाक जागच्या जागी थांबे आणि वरचा मनुष्य पुढे जाई. १९७०च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने पॉलियुरेथेनची मऊ चाके आणली, तेव्हा कुठे हा खेळ माणसात आला. पोलादी चाके आणि खडा हे ऐकताच माझ्या कानांत तो खर्रर्र आवाज घुमला. आमची बेअरिंगची गाडी आणि त्यांचा स्केटबोर्ड ही एकाच वयाची, एकाच जातीची भावंडे. एक दैवाने समुद्रापलीकडे वाढले, दुसरे चुलीत गेले.

मुलाने चाकात बसवायचे बेअरिंग माझ्या हातावर ठेवले. क्रमांक ६०८, भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७. असली बेअरिंगे मी हजारोंनी हाताळली होती. मी ते बोटावर फिरवले आणि त्याला म्हणालो, ‘ग्रीस जास्त आहे.’ आमच्या संभाषणाचा हा आरंभ. चाके ज्या धातूच्या आडव्या जोडणीवर बसतात आणि शरीर कलले की जी वळते, तिला त्या मंडळींत ‘ट्रक’ म्हणतात. ‘पप्पा, ट्रक आला का?’ हे वाक्य माझ्या पत्नीने ऐकले, आणि आता अंगणात ट्रक कुठे उभा करणार, या काळजीने तिने तुळया-वासे मोजायला सुरुवात केली.

ती पहिली फळी ओबडधोबड होती. बारा मिलिमीटरचा प्लायवुड, २४ व्होल्टची २५० वॅटची कार्बन-ब्रशवाली मोटर, साखळी, आणि यूपीएसमध्ये असतात तशा शिशाच्या दोन बॅटऱ्या, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या. बॅटऱ्यांचेच वजन साडेचार किलोच्या घरात, आणि वीज साठणार कागदोपत्री १६८ वॅट-तास. वेग कमीजास्त करायची सोय नाही. बटण दाबले की पूर्ण ताकद, सोडले की शून्य. दाबताक्षणी फळी पुढे आणि मनुष्य मागे. परंतु ती चालली. चर्चच्या मागच्या वाटेवरून मुलगा तिच्यावर उभा राहून आला तेव्हा मी हातातले फडके पिळत उभा होतो, आणि मला माझ्या नकळत हसू येत होते.

तो कधी कॉलेजात परत गेला ते मी सांगत बसत नाही. गेला, एवढे पुरे.

दुसरी फळी मार्च २०२०च्या टाळेबंदीत झाली. माल आधीच आणून ठेवलेला होता. निम्मा लॅमिंग्टन रोडवरून, निम्मा परदेशातून टपालाने. रस्ते ओस पडले होते, चर्चचे दरवाजे बंद होते, मिस्सा मोबाइलच्या काचेवर पाहायची वेळ आली होती. पडवीत मात्र आम्ही दोघे पहाटेपासून रात्रीच्या रोजरीपर्यंत राबत होतो. प्लायवुडचे पातळ थर सरस लावून साच्यात दाबले आणि फळीला बाक आणला. साचा माझा. मोटर चाकाशी धरून ठेवणारी आठ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी कानशीने घासून मी बनवली आणि पट्ट्याचा ताण कमीजास्त करता यावा म्हणून तिच्यात लांबट खाचा पाडल्या. त्या दोन खाचा समांतर यायला मला तीन दिवस लागले. मुलगा म्हणाला, एवढी अचूकता लागत नाही. मी म्हणालो, तुला लागत नसेल.

या वेळची मोटर ब्रशविरहित होती. तिच्यात तारांची वेटोळी मध्ये स्थिर असतात आणि लोहचुंबक लावलेले बाहेरचे कवच फिरते. वेटोळ्यांतील प्रवाह कोणत्या क्षणी कोणत्या वेटोळ्यात सोडायचा हे ठरवणारा वेगळा नियंत्रक लागतो. मोटरवर ‘१९० केव्ही’ असे लिहिलेले. म्हणजे बिनओझ्याची, दर व्होल्टला मिनिटाचे १९० फेरे. ३६ व्होल्टला ६,८४० फेरे. मोटरच्या दांड्यावर १५ दात्यांची पुली, चाकावर ३६ दात्यांची. म्हणून चाकाचे फेरे २,८५०. चाकाचा व्यास ८३ मिलिमीटर, घेर २६ सेंटिमीटर. हा हिशेब मी खडूने पडवीच्या फरशीवर मांडला. ताशी ४४ किलोमीटर आले. वारा, ओझे आणि घर्षण वजा जाता पस्तीसएक मिळतील, असे मुलगा म्हणाला. आम्ही दोघे त्या आकड्याकडे मोठ्या समाधानाने पाहत राहिलो. थांबण्याचा हिशेब आम्ही मांडलाच नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते हे मला शाळेपासून ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि खडू हातात असताना आठवणे वेगळे.

बॅटरी लिथियमची. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून आतले सेल काढायचे. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून त्यांचे नाव १८६५०. प्रत्येक सेल भरून, रिकामा करून, त्याच्यात किती जीव उरला आहे ते वहीत टिपायचे. नव्वदांतून तीस निवडले. दहा एकामागोमाग एक, अशा तीन रांगा. त्यांना सोल्डर करायचे नसते, उष्णतेने सेल बिघडतो. निकेलची पट्टी क्षणभराच्या विजेच्या टाक्याने चिकटवायची. लिथियम पेटला तर पाण्याच्या एका बादलीला जुमानत नाही, असे मुलाने सांगितल्यावर पत्नीने ती बॅटरी घरात ठेवायला साफ नकार दिला. मग आजीच्या काळचा एक रांजण बाहेर काढला, त्यात वाळू भरली आणि चार्जिंग नेहमी अंगणात त्या रांजणाशेजारी होऊ लागले.

नव्या फळीला ब्रेकही होता, आणि तो मला फारच आवडला होता. हातात मावणाऱ्या एका रिमोटचा खटका मागे ओढला की मोटर आपला धर्म पालटते. ती वीज खाण्याऐवजी वीज निर्माण करू लागते, आणि त्या श्रमाने चाक मंदावते. फळीचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत परत जातो. काहीही घासत नाही, झिजत नाही, वाया जात नाही. एवढी काटकसरी व्यवस्था एखाद्या वसईच्या शेतकऱ्यालाच सुचावी! दीड वर्ष ती बिनचूक चालली.

जानेवारी २०२२. पूर्वेकडच्या डोंगरात नव्याने झालेल्या एका वसाहतीचा रस्ता गुळगुळीत, वळणदार आणि पहाटे निर्मनुष्य असतो, असे मुलाला मित्राकडून कळले. रविवारी पहाटे जायचे ठरले. तो नेहमी बॅटरी पूर्ण भरण्याच्या थोडे आधी चार्जर काढत असे. त्या शनिवारी तो लवकर झोपला. मी अंगणात आलो, चार्जर काढलेला पाहिला, आणि पोराला उद्या कमी पडू नये म्हणून पुन्हा लावला. पूर्ण भरेपर्यंत, ४२ व्होल्टचा आकडा दिसेपर्यंत, मी डास मारत रांजणाशेजारी बसलो होतो.

मित्राने त्याला स्कूटरवरून थेट डोंगराच्या माथ्यावर सोडले. घरून तो फळीवरून गेला असता तर वाटेत थोडी वीज खर्च झाली असती आणि हा लेख मला लिहावा लागला नसता. उतार सुरू झाला, त्याने खटका मागे ओढला, फळी दोन-तीन क्षण मंदावली; आणि मग ब्रेक नाहीसा झाला. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतता येत नाही. बॅटरीला जास्त भार होऊ नये म्हणून तिच्या आत जी राखणदार यंत्रणा बसवलेली असते, तिने आपले काम चोख बजावले. परत येणारी वीज तिने तोडून टाकली. विजेला जायला जागा नाही म्हणजे मोटरला श्रम नाहीत, आणि श्रम नाहीत म्हणजे ब्रेक नाही. दुसऱ्या वळणावर तो गवतात उडाला. डोक्यावर हेल्मेट होते. उजवे मनगट मोडले, गुडघे सोलवटले.

इस्पितळात पत्नी जपमाळ हातात धरून बसली होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. भाऊ आला. लांबच्या लांब मार्गिकेतून त्याची ती पावले मला ऐकू आली, एक जड, एक हलके. त्याने पुतण्याचा प्लॅस्टर घातलेला हात पाहिला, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘हात आहे. हात बरा.’

त्या रात्री घरी येऊन मी खुंटीवरचा कोयता काढला आणि फळी अंगणात आणली. मला वडिलांचा राग समजत होता. आपल्या वडिलांचा राग समजायला मला त्रेसष्टावे वर्ष उजाडावे लागले. मुलगा गळ्यात हात अडकवून दारात उभा होता. तो म्हणाला, ‘तोडायची तर तोडा, पप्पा. पण ती का थांबली नाही, ते आधी बघू या.’

माझ्या बालपणीच्या त्या अंगणात हे वाक्य कोणीही उच्चारले नव्हते. मी कोयता परत अडकवला.

कारण शोधायला तीन आठवडे लागले. मुलाचा एक हात निकामी, म्हणून तो सांगे आणि मी करी. शेवटी प्रयोग साधा निघाला. फळी व्हाइसमध्ये उलटी धरली, हातातल्या ड्रिल मशीनला रबराची चकती लावून तिने चाक फिरवले आणि मुलाने डाव्या हाताने खटका ओढला. अर्धी भरलेली बॅटरी असताना ड्रिल कण्हू लागले, माझ्या मनगटाला हिसका बसला. ब्रेक लागत होता. मग बॅटरी काठोकाठ भरली आणि तेच केले. ड्रिल क्षणभर कण्हले, आणि एकदम मोकळे सुटून भिरभिरू लागले. आम्ही ते पाच वेळा करून पाहिले. पाचव्या खेपेनंतर मी त्याला सांगितले, की त्या शनिवारी रात्री चार्जर मी लावला होता. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सांगितलंत ते बरं झालं. मला वाटत होतं, माझीच जोडणी चुकली.’ म्हणजे तीन आठवडे तो बिचारा स्वतःलाच दोष देत होता.

तिसरी फळी आम्ही सावकाश केली. पत्नीची परवानगी मिळायलाच वर्ष गेले. दरम्यान मुलगा बॅटरीविषयी वाचत असे आणि मला सांगत असे. लिथियम बॅटरीच्या शोधासाठी २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात तो सन्मान मिळवणारे पहिलेच. आपल्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी त्यांनी २००८ साली पुस्तकही लिहिले आहे, हे ऐकून मला आनंद वाटला. पण त्यांनी १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जो शोध लावला त्यात कोबाल्ट लागते, आणि जगातले निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते. तिथे लहान मुलेही हाताने माती उकरतात. २०२३च्या जानेवारीअखेरीस पोप फ्रान्सिस काँगोला गेले आणि आफ्रिका ही ओरबाडायची खाण नव्हे, असे त्यांनी तिथे ठणकावून सांगितले. ती बातमी आम्ही जेवताना पाहिली. आमच्या रांजणाशेजारी ठेवलेल्या त्या तीस सेलांत कोबाल्ट होते. मुलाने जेवण संपवले, हात धुतला आणि म्हणाला, दुसऱ्या प्रकारचे सेल आहेत; लोखंड आणि फॉस्फेटचे. तेही गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आले. त्यांत कोबाल्ट नाही, ते सहसा भडकत नाहीत. जड मात्र असतात. जड चालतील, असे मी म्हणालो. आमच्या एका बॅटरीने काँगोतल्या कुठल्याही मुलाची टोपली हलकी झाली असेल, असा माझा समज नाही. तरी ती घरात ठेवायला पत्नीने हरकत घेतली नाही, हे नमूद करतो.

रस्त्यावरच्या सौर दिव्यांत असतात तसले ते जाडजूड सेल, ३२ मिलिमीटर व्यासाचे. बारा ओळीने, दोन रांगा, ३८.४ व्होल्ट. प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरता येतो, आम्ही ३.४५ला थांबतो. साठ्यात फारशी तूट येत नाही, पण वर जागा शिल्लक राहते, परत येणाऱ्या विजेसाठी. राखणदार यंत्रणेला आता फक्त चार्जिंगची राखण दिली आहे. ब्रेकच्या वाटेत तिला उभे केलेले नाही. नियंत्रक बेंजामिन वेडर या स्वीडिश इंजिनिअरच्या रचनेचा बसवला. २०१५च्या सुमारास त्याने आपली सगळी रचना जगाला मोफत देऊन टाकली. ब्रेकचा प्रवाह किती, कोणत्या व्होल्टला काय व्हावे, हे सारे त्यात ठरवता येते. असल्या माणसांसाठी आमच्या घरी रोजरीत एक ‘नमो मरिया’ जास्त म्हटली जाते. वेग आम्ही ताशी २२ किलोमीटरवर बांधून टाकला. मुलाने तो आकडा स्वतः सुचवला.

आणि एक ब्रेक मी केला. विजेशी ज्याचा काहीही संबंध नाही, असा. फळीच्या मागच्या टोकाला दाराच्या बिजागरीवर ॲल्युमिनियमचे एक पान, त्याच्या पोटाला स्कूटरच्या जुन्या टायरचे दोन ठोकळे, वर उचलून धरायला एक स्प्रिंग. टाचेने दाबले की ठोकळे मागच्या चाकांवर टेकतात. पहिल्या खेपेला बिजागरीची जागा चुकली. चाक फिरता फिरता ठोकळ्याला आत खेचून घेई आणि एकदम अडके. चार पाने फुकट गेली. पाचवे जमले. ते फळीला एकदम थांबवत नाही, हळूहळू मंदावते. ताशी २० किलोमीटरवरून, दोन्ही ब्रेक मिळून, सात मीटर. हा हिशेब या खेपेस आधी फरशीवर मांडला आणि मग रस्त्यावर खडूच्या रेघा मारून ताडून पाहिला. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस मी त्या टाचेच्या पानावर घालवले. पत्नी म्हणाली, उपवास केले असते तर वजन तरी उतरले असते.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिल २०२३ला, भाऊ सहकुटुंब जेवायला आला. जेवण झाल्यावर मुलांनी फळी रस्त्यावर नेली. मोरी आता नाही, रस्ता रुंद झाला, उतारही भरून काढला; परंतु जागा तीच. पोरांच्या दोनचार फेऱ्या झाल्या. भाऊ कंपाउंडाला टेकून पाहत होता. मग तो म्हणाला, ‘मला बसू दे.’

उभे राहणे त्याला शक्यच नव्हते. तो फळीवर बसला, बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे वर, तेव्हा बसला होता तसाच. मुलाने त्याच्या हातात रिमोट दिला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला, आणि मान वळवली. पुतण्याकडे नव्हे, मागे मी उभा होतो, माझ्याकडे.

‘दादा, थांबायचं कसं?’

त्याच्या चेहऱ्यावर हसू होते की नव्हते, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी रस्त्यावर उकिडवा बसलो. त्याचा अंगठा धरून खटक्यावर ठेवला, आणि तो मागे कसा ओढायचा ते दोनदा करून दाखवले. त्याचे दोन्ही पाय उचलून फळीवर घेतले. मी म्हणालो, ‘पाय नको टेकवूस.’

‘बरं,’ तो म्हणाला.

मी ढकलले नाही. त्याने स्वतःच खटका पुढे केला. दहा-बारा फूट गेला आणि थांबला. पुन्हा गेला, पुन्हा थांबला. पोरे ओरडत होती, ‘काका, जोरात!’ त्याने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. रस्ता संपेपर्यंत तो तसाच गेला. थोडे पुढे, मग थांबून पाहायचे. थोडे पुढे, मग थांबून पाहायचे.